जुनी टाटा इंडिगो मरिना घेताना कोणतं इंजिन घ्यावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यात आमच्या दारात २००६ सालची डिझेल मरिना उभी असते. घरातली लग्नं, शेतातली पोती, आजारपणातली धावपळ, सगळं तिनं पाहिलंय. जुनी मरिना घ्यायला निघालेली माणसं ओळखीतून फोन करतात, फोटो पाठवतात, इंजिनाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवतात. तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मरिना म्हणजे इंडिगोच ना? की वेगळी गाडी?

इंडिगोच. फक्त मागची डिकी काढून छत शेवटपर्यंत नेलंय आणि पाचवा दरवाजा वर उघडतो. अशा बांधणीच्या गाडीला इस्टेट म्हणतात. इंडिका डिसेंबर १९९८ मध्ये आली. तिच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर ५० मिमीने वाढवून, मागे डिकी जोडून २००२च्या अखेरीस इंडिगो आली आणि २००४ मध्ये मरिना. हे घराणं पुण्याजवळच्या पिंपरी-चिंचवडचं. टाटांनी १९९२ मध्ये ‘इस्टेट’ याच नावाची मोठी गाडी काढली होती, पण तिचा आणि मरिनाचा सांधा जुळत नाही. मरिनाचं इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक हे सगळं इंडिका-इंडिगोच्या घरातलं आहे. जुनी मरिना आज चालवणं परवडतं ते मुख्यतः याच कारणाने.

२. मरिनात इंजिनं किती प्रकारची येतात?

तीन. पहिलं पेट्रोल, १४०५ सीसी, एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळं पेट्रोल फवारणारं), ८५ पीएस. दुसरं १४०५ सीसीचं टर्बो डिझेल, ६२ पीएस. गॅरेजमध्ये याला ‘साधं डिझेल’ किंवा ‘आयडीआय’ म्हणतात. बाजारात सगळ्यात जास्त हेच दिसतं. तिसरं डायकॉर, म्हणजे कॉमन रेल डिझेल (एका सामायिक नळीतून मोठ्या दाबाने डिझेल फवारणारं), १३९६ सीसी, १६ व्हॉल्व्ह, ७० पीएस. हे शेवटच्या वर्षांतल्या गाड्यांत मिळतं आणि संख्येने कमी आहे.

कागदावर पेट्रोल सगळ्यात ताकदवान आहे, पण चार माणसं आणि सामान घेऊन घाट चढताना टर्बो डिझेल जास्त बरं वाटतं. त्याची ओढ कमी आरपीएमलाच मिळते. पेट्रोलला तीच ओढ हवी असेल तर इंजिन जास्त वेगाने फिरवावं लागतं.

३. विकणारा ‘डिझेल आहे’ एवढंच सांगतो. साधं की डायकॉर, हे कसं ओळखायचं?

आरसीवर सीसीचा आकडा बघा. १४०५ आणि डिझेल असेल तर साधं, १३९६ आणि डिझेल असेल तर डायकॉर. मागच्या दरवाज्यावरच्या बॅजवर विश्वास ठेवू नका. अपघातात दरवाजा बदलला असेल तर बॅज दुसऱ्याच गाडीचा असतो.

कोणी ‘४७५ इंजिन’ म्हणालं तर गोंधळू नका. ४ म्हणजे चार सिलिंडर आणि ७५ म्हणजे बोअर, सिलिंडरचा व्यास, मिलिमीटरमध्ये. ७५ मिमी बोअर आणि ७९.५ मिमी स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल), चार सिलिंडर, असा हिशोब केला की १४०५ सीसी येतात. जुनं पेट्रोल आणि साधं डिझेल दोन्ही याच मापाची आहेत.

आरसी हातात आली की इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवरचे स्वतः वाचून जुळवा. तिथे फरक निघाला तर प्रश्न १५ वाचल्याशिवाय टोकन देऊ नका.

४. एका वाक्यात सांगा, कोणतं घेऊ?

महिन्याला हजार-बाराशे किलोमीटर किंवा जास्त होत असतील तर साधं टर्बो डिझेल. त्याहून बरंच कमी, आणि तेही गावातल्या गावात, तर पेट्रोल. डायकॉर फक्त तेव्हाच, जेव्हा पहिल्या मालकाकडे सर्व्हिसची बिलं असतील आणि तुमच्या जवळ कॉमन रेलचं काम जाणणारा माणूस असेल.

पण मला मनापासून सांगायचंय ते वेगळंच आहे. जुन्या मरिनात इंजिन कोणतं आहे, यापेक्षा ते आजवर किती वेळा तापलंय हे जास्त महत्त्वाचं. कधीही न तापलेलं पेट्रोल दोनदा हेड (सिलिंडरवरचं झाकण) उघडलेल्या डिझेलपेक्षा शंभर पटीने बरं. म्हणून प्रश्न ८ सगळ्यांनी वाचावा, इंजिन कोणतंही असो.

५. साध्या डिझेलला सगळे टिकाऊ का म्हणतात? तंत्र तर जुनंच आहे.

जुनं आहे म्हणूनच. आयडीआय म्हणजे डिझेल थेट पिस्टनवर न फवारता हेडमधल्या एका छोट्या कोठडीत फवारतात. ज्वलन तिथे सुरू होतं आणि मग खाली सिलिंडरमध्ये पसरतं. त्यामुळे नोझलला फार दाब लागत नाही. शे-दीडशे बारला नोझल उघडतं. कॉमन रेलमध्ये हाच दाब हजार बारच्या वर जातो.

व्यवहारात याचा अर्थ असा, की थोडं खराब डिझेल, थोडा कचरा, उशिरा बदललेला फिल्टर हे साधं इंजिन सोसतं. नोझल बिघडलं तर तालुक्याच्या गावातला पंप-नोझलवालासुद्धा हाताने दाब देऊन फवारा बघतो आणि शिम (पातळ चकती) बदलून बसवून देतो. आमच्या गाडीची चारही नोझलं अशीच एका दुपारी टपरीवजा दुकानात दुरुस्त झाली. त्या कारागिराने नोझल टेस्टरला लावलं, हॅन्डल दाबलं आणि मला म्हणाला, “हे बघा, तीन धुकं सोडतात, चौथं थेंब टाकतंय.” गाडी महिनाभर उभ्या उभ्या थरथरत होती, त्याचं कारण तो थेंब होता.

कोठडीत ज्वलन झाल्यामुळे उष्णता जास्त वाया जाते, म्हणून अ‍ॅव्हरेज कॉमन रेलपेक्षा कमी मिळतं आणि थंडीत सुरू व्हायला हीटर प्लग लागतात (प्रश्न ११). हा सौदा मला मान्य आहे.

६. मग डायकॉरला लोक घाबरतात ते बरोबर आहे का?

इंजिन म्हणून ते वाईट नाही. ओढ चांगली आहे, आवाज कमी आहे, हायवेवर साध्यापेक्षा कितीतरी सफाईने पळतं. भीती आहे ती पंधरा-सोळा वर्षांनंतरच्या सुट्या भागांची आणि वायरिंगची. इंजेक्टर, रेल प्रेशर सेन्सर, हाय प्रेशर पंप या वस्तू नाजूक आहेत आणि महाग आहेत. डिझेलमध्ये पाणी आलं तर साधं इंजिन झटके देऊन जागं करतं. कॉमन रेलमध्ये तोवर इंजेक्टर खराब झालेला असतो.

डायकॉर बघायला जाल तेव्हा स्कॅनर घेऊन जाणारा माणूस सोबत न्या. चारही इंजेक्टरचं करेक्शन (कोणत्या इंजेक्टरला किती डिझेल कमी-जास्त करावं लागतंय तो आकडा) आणि रेल प्रेशर चालू गाडीत वाचायला सांगा. विकणारा स्कॅनर लावू देत नसेल तर चहा पिऊन परत या.

७. पेट्रोल मरिना अ‍ॅव्हरेज देत नाही म्हणतात. आणि आता ई-२० पेट्रोल आलंय, त्याचं काय?

अ‍ॅव्हरेज कमी आहे, हे खरं. वजनदार गाडी आणि जुन्या पद्धतीचं आठ व्हॉल्व्हचं इंजिन, त्यामुळे शहरात दहा-अकराच्या वर फारशी अपेक्षा धरू नका. आमची डिझेल गाडी सातारा-पुणे हायवेवर सतरापर्यंत देते, पुण्याच्या गर्दीत तेरा. पण पेट्रोलचा देखभालीचा खर्च कमी आहे. टर्बो नाही, नोझल-पंप नाही, हीटर प्लग नाहीत. महिन्याला चारशे किलोमीटर चालवणाऱ्याने अ‍ॅव्हरेजच्या फरकाचा हिशोब कागदावर मांडला तर डिझेलचा फायदा एका नोझलच्या कामात संपतो.

ई-२० मध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश असते, म्हणून अ‍ॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी खाली येणं साहजिक आहे. खरी काळजी रबराची आहे. मरिना बनली तेव्हा हे इंधन कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हतं. फ्युएल लाइनचे रबरी पाइप, ओ-रिंग, टाकीतल्या पंपाचं सील जुनं झालेलं असतं आणि इथेनॉल ते आणखी कडक करतं किंवा फुगवतं. पेट्रोल मरिना घेतलीत तर पहिल्या आठवड्यात सगळे रबरी फ्युएल पाइप इथेनॉल चालणाऱ्या प्रतीचे टाकून घ्या. बोनेटखाली पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी गॅरेज गाठा.

इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. म्हणून गाडी महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका. मुंबईत काम आणि गाडी कोकणातल्या घरी, अशी ज्यांची स्थिती आहे त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

८. मरिना तापते का? तापलेली गाडी कशी ओळखायची?

कूलिंगची देखभाल ठेवली तर तापत नाही. न ठेवलेली हमखास तापते, आणि वीस वर्षांत पाच मालक झालेल्या गाडीची देखभाल कोणीतरी एकाने सोडलेली असतेच.

आधी आमचं सांगतो. मे महिना, पुण्याहून साताऱ्याला येत होतो, गाडीत पाच माणसं, मागे कलिंगडं. दोन दिवसांपूर्वी एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग झालं होतं आणि रेडिएटरच्या वरच्या होजची (रबरी नळीची) क्लिप सैल राहिली होती. खंबाटकीच्या चढाला काटा वर जायला लागला. माथा पाच मिनिटांवर होता, म्हणून मी थांबलो नाही. मग काटा अचानक खाली आला. मला वाटलं, गाडी थंड झाली. प्रत्यक्षात पाणी संपलं होतं. सेन्सर पाण्यात नसला की त्याला वाफेचं खरं तापमान नीट कळत नाही आणि काटा पडतो. माथ्यावर पोचलो तेव्हा इंजिन बंद पडलं आणि वर मी घाईने बाटलीतलं थंड पाणी ओतलं. हेड बेंड झालं, त्याच्याखालची गॅस्केट (सील) गेली, हेड फेसिंगला, म्हणजे घासून सपाट करायला पाठवावं लागलं. थांबलो असतो तर खर्च एका क्लिपचा होता. म्हणून ज्याला त्याला सांगतो, काटा चढला की तिथेच बाजूला घ्या, आणि चढलेला काटा एकदम पडला तर ती सगळ्यात वाईट खूण समजा.

आता घ्यायच्या गाडीत काय बघायचं ते. गाडी थंड असताना जा, मालकाला आधीच सांगून ठेवा की सुरू करून ठेवू नका. बोनेटवर हात ठेवा. गरम लागला तर दुसऱ्या दिवशी या. रेडिएटरची टोपी उघडा. आत हिरवं किंवा लाल स्वच्छ कूलंट हवं. गंजासारखं तपकिरी पाणी असेल तर वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतलं गेलंय. वर तेलाचा तवंग किंवा दुधाळ साय दिसली तर गॅस्केट गेली आहे. ऑइल भरायच्या टोपीच्या आतल्या बाजूला कॉफीच्या फेसासारखा थर असेल तरी तेच. मग रेडिएटरची टोपी उघडीच ठेवून इंजिन सुरू करायला सांगा. गाडी थंड असताना टोपीतून सतत बुडबुडे यायला लागले तर सिलिंडरचा दाब पाण्यात शिरतोय. थोड्या वेळाने टोपी लावा, गाडी वीस मिनिटं चालवा, एखादा चढ घ्या, परत येऊन उभी करा आणि रेडिएटरचा पंखा आपोआप लागतो का ते कानाने ऐका. पंखा डॅशबोर्डवरच्या वेगळ्या बटणाने चालत असेल, तर कोणीतरी खरं दुखणं झाकलंय.

घेतल्यावर होज, क्लिपा, वॉटर बॉडी (पाण्याचा पंप), थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी अडवणारी झडप) आणि रेडिएटरची टोपी एकदम बदला. डिस्टिल्ड पाण्यात मिसळलेलं कूलंट भरा. वाटेत कधी काटा चढू लागलाच तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात लावा. घामाघूम व्हाल, पण हीटरचा छोटा रेडिएटर इंजिनची बरीच उष्णता काढून घेतो आणि थांबायला सुरक्षित जागा गाठता येते. थंड पाणी मात्र तापलेल्या इंजिनात कधीच नको.

९. मेकॅनिक म्हणतो, थर्मोस्टॅट काढून टाकू, म्हणजे गाडी तापणारच नाही. काढू का?

नाही. थर्मोस्टॅट नसला की इंजिन नीट गरमच होत नाही. थंड इंजिन जास्त डिझेल पितं, तेल लवकर खराब होतं आणि रिंगा झिजतात. शिवाय गाडी तापण्याचं मूळ कारण, चोंदलेला रेडिएटर किंवा थकलेली वॉटर बॉडी, तसंच राहतं. घ्यायच्या गाडीत थर्मोस्टॅट आहे का हे कळायला सोपी युक्ती आहे. थंड इंजिन सुरू करून वरच्या आणि खालच्या होजला हात लावत राहा. थर्मोस्टॅट असेल तर काही मिनिटं मोठा फरक जाणवतो आणि मग थंड राहिलेला होज एकाएकी गरम होतो. दोन्ही होज सुरुवातीपासून बरोबरीने कोमट होत गेले तर तो काढलेला आहे.

१०. टायमिंग बेल्ट किती किलोमीटरला बदलायचा?

पुस्तिकेत दिलेल्या अंतराला. पण जुन्या गाडीत अंतरापेक्षा वय महत्त्वाचं, रबर उभ्या गाडीतही म्हातारं होतं. मी नियम साधा ठेवलाय. बेल्ट बदलल्याचं बिल दाखवता येत नसेल तर तो बदललेला नाही असं धरायचं आणि घरी आणल्यावर पहिलं काम तेच करायचं. सोबत टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आणि वॉटर बॉडीही. साध्या डिझेलमध्ये हा बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि अर्धं इंजिन उघडावं लागतं.

एक गोष्ट फार जण विसरतात. डिझेलच्या पीयूसी तपासणीत उभ्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धूर मोजतात. वय झालेल्या बेल्टला तो ताण सोसत नाही. आधी बेल्ट, मग पीयूसी.

११. सकाळी सुरू व्हायला त्रास होतो, सुरू झाली की पांढरा धूर. इंजिन गेलं का?

बहुतेक वेळा हीटर प्लग. चारपैकी एक-दोन जळलेले असतात. साध्या टेस्ट लॅम्पने दहा मिनिटांत कळतं. महाबळेश्वर किंवा नाशिकच्या थंडीत हे दुखणं उघडं पडतं, रत्नागिरीत वर्षभर लपून राहतं. प्लग बदलूनही त्रास राहिला तर डिझेल लाइनमध्ये हवा शिरतेय का ते बघा. ज्या गाडीला गरम असतानाही सुरू व्हायला वेळ लागतो तिचं कॉम्प्रेशन तपासा.

१२. काळा, निळा, पांढरा, कोणता धूर किती गंभीर?

काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. एअर फिल्टर, नोझल, टर्बोचा फाटलेला होज, यातलं काहीतरी. बरा होणारा आजार आहे. निळा म्हणजे तेल जळतंय. टर्बोच्या सीलमधून किंवा रिंगांमधून. कोणतं ते कळायला चालू इंजिनात डिपस्टिक किंवा ऑइलची टोपी काढा. तिथून भकाभक वाफ यायला लागली तर गॅरेजच्या भाषेत ‘बॅक कॉम्प्रेशन मारतेय’, म्हणजे रिंग-पिस्टनचं काम आलं. तिथे शांतता असेल आणि टर्बोनंतरच्या होजमध्ये तेल साचलेलं असेल तर टर्बोचा दोष. थंडीतला पांढरा धूर प्रश्न ११ मध्ये आहे. गरम गाडीतून सतत पांढरा, गोडसर वासाचा धूर येत असेल तर कूलंट जळतंय, प्रश्न ८.

१३. टर्बो जपायला काय करायचं?

तेल वेळेवर बदला. हायवेवरून किंवा घाटातून आल्यावर मिनिटभर इंजिन तसंच चालू द्या, मग बंद करा. टर्बोला थंड करणारं तेल इंजिन बंद होताच थांबतं आणि आत उरलेलं जळून कोळसा होतं. सुरू केल्या केल्या रेस देण्याची सवयही सोडा.

१४. पेट्रोल मरिनाला सीएनजी बसवू का?

बसते, चालते. आरसीवर नोंद हवी, विमा कंपनीला कळवायला हवं आणि सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) दर तीन वर्षांनी करायला हवी. माझं मत मात्र स्पष्ट आहे. मरिना घ्यायची ती मागच्या जागेसाठी. सिलिंडर बसला की तिथे बॅगही नीट मावत नाही. सीएनजीच हवी असेल तर इंडिका बघा, पैसे वाचतील.

१५. माझी पेट्रोल मरिना आहे. इंडिकाचं डिझेल इंजिन स्वस्तात मिळतंय, टाकू का?

असे फोन बरेच येतात, कारण मोडीत निघालेल्या इंडिकांमुळे इंजिनं खरोखर स्वस्तात मिळतात. एकाच प्रकारच्या इंजिनाच्या जागी दुसरं त्याच प्रकारचं टाकणं वेगळं, आणि पेट्रोलचं डिझेल करणं वेगळं. पहिल्यात इंजिनाचं बिल, जुन्या मालकाची कागदपत्रं आणि आरटीओकडून नवा इंजिन नंबर आरसीवर चढवणं, एवढं पुरतं. दुसरं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली गाडीत फेरफार ठरतं. इंधन बदलतं, प्रदूषणाचं मानक बदलतं. परवानगीशिवाय केलेल्या अशा गाडीला विमा नाकारला जातो आणि नूतनीकरणाच्या वेळी ती अडकते. वायरिंग, टाकी, एक्झॉस्ट, माउंटिंग सगळं बदलावं लागतं, तो खर्च वेगळाच. ती विका आणि डिझेल घ्या.

घ्यायच्या गाडीत इंजिन नंबर जुळला नाही तर नोंद करून देण्याची जबाबदारी विकणाऱ्याची. ‘नंतर करून देतो’ यावर पैसे देऊ नका.

१६. किती किलोमीटर झालेली चालेल?

मीटरवरचा आकडा मी बघतच नाही. वीस वर्षांत मीटर बदललेलं असू शकतं. ब्रेक आणि क्लच पेडलच्या रबराची झीज, स्टिअरिंगची चकाकी, ड्रायव्हर सीटचा दबलेला फोम हे खरं सांगतात. आरसीचा इतिहास बघून गाडी कधी पिवळ्या पाटीवर होती का ते विचारा. इंडिका-इंडिगो घराण्यातल्या असंख्य गाड्या टुरिस्ट म्हणून पळाल्या. पांढरी पाटी नंतर लागलेली असेल तर किलोमीटर तुमच्या कल्पनेबाहेर असतील. तरीही तेल वेळेवर बदललेलं आणि न तापलेलं साधं डिझेल दोन लाखांनंतर समाधानाने पळताना मी पाहिलंय.

१७. पार्ट्स मिळतात का?

इंजिनाचे, गिअरबॉक्सचे, सस्पेन्शनचे मिळतात. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या बाजारात इंडिका-इंडिगोचा माल आजही निघतो. अडचण मरिनाच्या मागच्या भागाची. मागचा दरवाजा, त्याची काच, बाजूच्या मागच्या काचा, टेल लॅम्प, मागचा बंपर हे इंडिगो सेडानचे चालत नाहीत. म्हणून इंजिनात थोडं काम असलेली पण मागून धडधाकट मरिना मी घेईन. मागून ठोकलेली, इंजिन उत्तम असलेली घेणार नाही. मागचा दरवाजा पूर्ण उघडून बिजागरीजवळची रबरी नळी वाकवून बघा, आतल्या वायरी तिथे तुटतात आणि मग वायपर, डिफॉगर, नंबर प्लेटचा दिवा एकेक करून बंद पडतो.

१८. इंजिनाखेरीज कुठे लक्ष द्यायचं?

सस्पेन्शन. इंडिगो-मरिनाचं मागचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे, बसायला सुखद, पण बुश (जोडांमधली रबरं) झिजले की मागचे टायर आतल्या बाजूने खातात. टायरच्या आतल्या कडेवरून हात फिरवा. पुढे लोअर आर्म, लिंक रॉड आणि स्टिअरिंग रॅक ऐका. खड्ड्यातला टकटक आवाज तिथूनच येतो. कोकणातली किंवा गोव्यातली गाडी असेल तर मॅट उचलून फ्लोअर आणि स्टेपनीखालचा पत्रा बघा.

१९. पंधरा वर्षं झाली. आता गाडी रस्त्यावर चालते का?

महाराष्ट्रात चालते. फॉर्म २५ भरून आरसीचं नूतनीकरण करायचं, आरटीओत गाडी दाखवायची, पर्यावरण कर भरायचा, पाच वर्षांची मुदत मिळते. पंधरा वर्षांवरच्या खासगी कारची नूतनीकरणाची केंद्रीय फी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आहे. वीस वर्षांवरच्या कारसाठी ती ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपये झाली. सुरुवातीच्या मरिना आता याच गटात आल्यात. सौदा ठरवताना आरसीची मुदत कधी संपते ते आधी बघा आणि हा खर्च किमतीतून कापून घ्या. उच्च सुरक्षा नंबर प्लेट लावलेली आहे का तेही बघा.

२०. दिल्ली पासिंगची डिझेल मरिना फार स्वस्त मिळतेय. घ्यावी का?

तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, म्हणून त्या बाहेर विकल्या गेल्या. गाडी चांगली असू शकते. पण मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात असल्याशिवाय पैसे देऊ नका. एनओसी मिळाल्यावरही इथला रोड टॅक्स, नूतनीकरण आणि फेऱ्या धरा. सगळी बेरीज केली की स्वस्तपणा फारसा उरत नाही. इथलीच एमएच पासिंगची, मालकाला ओळखता येईल अशी गाडी मला बरी वाटते.

२१. मरिनाऐवजी मारुतीची बलेनो अल्टुरा किंवा स्कोडाची ऑक्टाव्हिया कॉम्बी, या इस्टेट बघू का?

अल्टुरा १.६ लिटर पेट्रोलची. इंजिन गोड, पळायला मरिनापेक्षा सरस, डिझेलचा पर्याय नाही आणि मागच्या भागाचे पार्ट्स मरिनाहून दुर्मीळ. कॉम्बी वरच्या वर्गातली गाडी आहे. तिचं १.९ टीडीआय इंजिन नावाजलेलं आहे. पण गाडी स्वस्त मिळाली तरी पार्ट्स स्वस्त होत नाहीत. छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्यात राहत असाल आणि खात्रीचा कारागीर असेल तर जरूर घ्या. सांगोल्यात किंवा कणकवलीत राहणाऱ्याला मी मरिनाच सुचवेन.

२२. माझ्या मरिनाचं इंजिन बसलंय. ओव्हरहॉल करू की मोडीत काढू?

आधी पत्रा बघा, मग इंजिन. फ्लोअर आणि सस्पेन्शनच्या जोडण्या सडल्या असतील तर इंजिनावर एक रुपयाही घालू नका. पत्रा ठणठणीत असेल आणि इंजिन साधं डिझेल किंवा पेट्रोल असेल तर ओव्हरहॉलला अर्थ आहे. रिंग-पिस्टन, बेअरिंग, गॅस्केट किट सगळं मिळतं. ब्लॉक आणि हेड मशीन शॉपला पाठवताना स्वतः सोबत जा, बोअरची मापं तिथेच लिहून घ्या आणि हेडला प्रेशर टेस्ट करायला सांगा. नुसतं फेसिंग करून परत आलेल्या हेडमधली केसासारखी चीर दोन महिन्यांत पुन्हा गॅस्केट खाते. डायकॉर असेल तर इंजेक्टर आणि पंपाचा अंदाज आधी लेखी घ्या. तो गाडीच्या बाजारभावाच्या वर गेला तर थांबा.

मोडीत काढायची ठरलीच तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच द्या, ठेव प्रमाणपत्र घ्या आणि आरसी रद्द झाल्याची पावती येईपर्यंत पाठपुरावा करा. देण्याआधी मागचा दरवाजा, काचा आणि टेल लॅम्प काढून ठेवता येतील का ते केंद्राला विचारा. कुठेतरी कोणीतरी तेच शोधत असतं, आणि तो माझाच फोन लावतो.